वाचकांचे प्रश्न : हॅलोजन हेडलाइटचा बल्ब, वायरिंग आणि सेटिंग

या खेपेची बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची आहेत: रात्री पुढचे नीट दिसत नाही. कारणे मात्र निरनिराळी निघाली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : गाडी बारा वर्षांची आहे, एच४ बल्बची (एकाच बल्बमध्ये लो आणि हाय बीमच्या दोन तारा). लो बीम मंद आणि पिवळट पडतो. गॅरेजमध्ये सांगतात की ६०/५५ वॅट (हाय/लो) काढून १००/९० वॅटचे बल्ब टाका. टाकू का?

उत्तर : नको. आधी बल्बपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात ते मोजा. जुन्या गाडीतला हरवलेला उजेड बहुतेक वेळा वायरिंगमध्ये सापडतो.

एच४ बल्बचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजून ठरवलेला असतो: लो बीम १००० लुमेन (लुमेन हे उजेडाचे एकक), हाय बीम १६५० लुमेन, दोन्हींत १५ टक्के इकडे-तिकडे चालते. व्होल्टेज थोडे घसरले तरी उजेड खूप घसरतो, कारण तो व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर व्होल्टेजमधली घट ९ टक्के, पण उजेडातली घट २८ टक्के. ११.५ व्होल्टवर जेमतेम ६३ टक्के उजेड उरतो. फिलामेंट (बल्बमधली तापणारी तार) पुरेसे तापत नाही म्हणून रंगही तांबूस होतो. तुम्हाला दिसणारा पिवळटपणा याच बाजूला बोट दाखवतो.

मोजायचे असे. इंजिन चालू ठेवा, लो बीम लावा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर घ्या. पहिले माप बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. ते साधारण १३.८ ते १४.४ यायला हवे. मग बल्ब जोडलेलाच ठेवून होल्डरच्या मागच्या बाजूने सुया आत घालून बल्बच्या पिनांवर मोजा. होल्डर उपसून मोजण्याची चूक सर्रास होते. बल्ब सुटला की वायरमधून प्रवाह वाहत नाही आणि कुजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते.

दोन मापांतला फरक कुठे गळतो, तेही शोधता येते. लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी बल्बच्या लो बीमच्या पिनेवर ठेवा. येणारा आकडा म्हणजे पॉझिटिव्ह बाजूची गळती. मग एक सुई बल्बच्या अर्थच्या पिनेवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर; ही अर्थिंगची गळती. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. एक व्होल्टच्या पुढे गेली तर कितीही चांगला बल्ब आणा, पैसे वाया. अर्थिंगची गळती असेल तर हेडलाइटजवळ बॉडीला बसवलेली अर्थची रिंग सोडवा, खालचा रंग आणि गंज खरवडून उघडा पत्रा काढा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. पुष्कळ गाड्यांचे काम एवढ्यावरच भागते.

आता १००/९० वॅटबद्दल. लो बीमचे दोन ५५ वॅटचे बल्ब आठ-नऊ अँपिअर घेतात, ९० वॅटचे दोन जवळजवळ चौदा. त्याच बारीक वायरीतून दीडपट प्रवाह गेला की गळतीही दीडपट होते, म्हणजे वाढवलेल्या वॅटचा काही भाग वायर तापवण्यात जातो. होल्डरचे प्लास्टिक तपकिरी होऊन ठिसूळ होते, स्विचचे पॉइंट जळतात, उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामा फुगून सुटतो. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेडही त्याच पटीत वाढतो. रस्त्यावरच्या वापरासाठी मान्यता असलेला १२ व्होल्टचा एच४ हा ६०/५५ वॅटचाच असतो.

प्रश्न : माप घेतले, पॉझिटिव्ह बाजूला १.३ व्होल्ट गळतात. रिले (थोड्या विजेवर मोठा प्रवाह जोडणारे स्विच) लावायचे आहेत. वायर, फ्यूज किती क्षमतेचे घ्यावेत? तयार हार्नेस (जोडलेल्या वायरींचा संच) चालेल का?

उत्तर : मूळ वायरिंगमध्ये बॅटरीपासून निघालेला सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत जाऊन परत पुढे येतो. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दर मीटरला सुमारे १८ मिलिओहम रोध देते. चार मीटर वायर आणि ९ अँपिअर धरले तर ०.६५ व्होल्ट वायरीतच गेले. उरलेले स्विच आणि कपलरमध्ये जातात. रिले लावला की जुनी वायर फक्त रिलेची कॉइल चालवते, म्हणजे अँपिअरचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी, आणि बल्बला वीज थेट बॅटरीकडून जाड वायरने मिळते.

लो आणि हाय बीमसाठी प्रत्येकी एक, असे चार पिनांचे ३० अँपिअरचे दोन रिले घ्या. पिन ३० ला बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून बल्बकडे, ८५ आणि ८६ ही कॉइल. त्यांपैकी एकीला जुन्या होल्डरमधून येणारा लो किंवा हायचा सिग्नल आणि दुसरीला अर्थ. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून बल्बपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर वायर. अर्थची वायरही तेवढीच जाड हवी. हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण पॉझिटिव्हला जाड वायर घालून अर्थ जुन्याच बारीक वायरीवर ठेवला तर निम्मे काम राहूनच जाते. मुख्य फ्यूज २५ अँपिअरचा, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. त्या फ्यूजच्या अलीकडची वायर पत्र्याला घासली तर तिला कोणतेच संरक्षण नसते. पुढे डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळे १० अँपिअरचे फ्यूज द्या. सगळ्यांना मिळून एकच फ्यूज ठेवला आणि तो रात्री उडाला तर दोन्ही दिवे एकदम जातात.

रिले पिना खाली येतील असे बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. जोड क्रिम्प करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात हिरवा पडतो. नवे होल्डर सिरॅमिकचे घ्यावेत.

तयार हार्नेस चालतो, पण आधी एक तपासणी करा. पुष्कळ जपानी धाटणीच्या गाड्यांत एच४च्या सामाईक पिनेला (लो आणि हाय दोन्हींची मिळून एक) पॉझिटिव्ह असतो आणि स्विच लो-हायचा अर्थ जोडतो-तोडतो. होल्डर काढून, दिवे लावून, मीटरची काळी सुई बॉडीला लावा आणि सामाईक पिन तपासा. तिथे १२ व्होल्ट दिसले तर गाडी या प्रकारची आहे आणि साधा हार्नेस चालणार नाही. हाय बीमचा निळा इंडिकेटर बंद पडेल किंवा रिले ओढणारच नाही. अशा गाडीसाठी वेगळा हार्नेस मिळतो. आणि ज्या नव्या गाड्यांत हेडलाइट कॉम्प्युटरकडून चालतो, बल्ब गेल्याची सूचना मिळते, तिथे रिले अजिबात घालू नका. त्या गाड्यांत वीज सेकंदाला अनेकदा तुकड्या-तुकड्यांत सोडलेली असू शकते. रिले थरथरत राहतो आणि पॉइंट जळतात.

प्रश्न : बल्बच्या खोक्यावर ‘१३० टक्के जास्त उजेड’ असे लिहिलेले असते. दुसरे बल्ब निळसर, ‘पांढरा शुभ्र प्रकाश’ वाले. कोणते घ्यावेत?

उत्तर : निळे घेऊ नका. साध्या हॅलोजनचा उजेड मुळात उबदार पांढरा असतो. त्याला निळसर करायचे म्हणजे काचेवर निळा थर देऊन लाल-पिवळा भाग गाळून टाकायचा. बाहेर पडतो तो उजेड कमीच. तो ‘झगझगीत’ वाटतो, रस्त्यावर दिसते मात्र कमी, आणि ओल्या डांबरावर हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

१३० टक्क्यांचा अर्थ एकूण उजेड दुपटीहून जास्त, असा मुळीच नाही. मान्यताप्राप्त बल्बला लुमेनची वरची मर्यादा ओलांडता येत नाही. फिलामेंट जास्त घट्ट गुंडाळलेले, ठरलेल्या जागी जास्त काटेकोर बसवलेले आणि जरा जास्त तापणारे असते. दाब वाढवून आत झेनॉन वायू भरतात. त्यामुळे झोताचा सर्वांत तेजस्वी भाग पुढे पन्नास-पंचाहत्तर मीटरवर अधिक एकवटतो. टक्केवारी असते ती त्या भागातल्या काही बिंदूंची, आणि तीही नियमाने मान्य केलेल्या किमान पातळीच्या तुलनेत. फायदा खरा आहे, फक्त आकड्याएवढा नाही. बदल्यात आयुष्य जाते. साध्या बल्बच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही कमी. उलट टोकाला ‘लाँग लाइफ’ बल्ब असतात. ते टिकतात, पण त्यांचा उजेड थोडा मंद आणि तांबूस असतो. नव्या गाडीत कंपनीने बसवलेले बल्ब अनेकदा याच जातीचे निघतात.

रोज रात्री लांबचा प्रवास असेल तर जास्त तेजाचे घ्यावेत आणि एक जोडी गाडीत ठेवावी. शहरातल्या गाडीला चांगल्या कंपनीचा साधा ६०/५५ वॅट पुरतो. दोन्ही बाबतीत बल्बच्या बैठकीवर वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि त्यापुढचा आकडा आहे ना, ते बघा. ती मान्यतेची खूण. आणि बल्ब नेहमी जोडीने बदला.

प्रश्न : घरच्या घरी हेडलाइट सेट कसे करायचे? प्रत्येक मेकॅनिक वेगळे सांगतो. एक म्हणतो भिंतीवर बॉनेटच्या उंचीला ठेवा, दुसरा म्हणतो हाय बीम लावून मध्यावर आणा.

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. एच४ दिव्यात लो आणि हाय बीम एकाच रिफ्लेक्टरमध्ये असतात. लो बीम नेमका बसवला की हाय बीम आपोआप जागेवर येतो. हाय बीमवरून सेट केला तर लो बीम हमखास चुकतो.

आधी गाडीची तयारी. टायरमध्ये ठरलेली हवा भरा, डिकीतले जास्तीचे सामान काढा, चालकाच्या जागी सुमारे ७५ किलोचा माणूस बसवा. डॅशबोर्डवर हेडलाइटची उंची कमी-जास्त करणारे चाक असेल तर ते शून्यावर आणा. गाडी थोडी पुढे-मागे करा आणि चारही कोपरे दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन मोकळे होऊन बसेल.

जागा निवडण्यात सगळ्यांत जास्त गफलत होते. जमीन पाण्यासारखी समतल असायलाच हवी असे नाही, पण गाडी उभी असलेली जमीन आणि भिंतीपर्यंतची जमीन एकाच प्रतलात हवी. भिंतीच्या पायथ्यापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणून जमिनीवर टेकवा. मध्ये फट किंवा फुगवटा दिसला तर जागा बदला. दहा मीटरमध्ये दहा सेंटिमीटरची चूक म्हणजे पूर्ण एक टक्का. ज्या मापासाठी खटपट चालली आहे ते सगळे मिळून एक-सव्वा टक्क्याचेच आहे.

गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून सरळ उभी करा. दोन्ही दिव्यांच्या केंद्रासमोर (बल्बच्या नेमके पुढे) भिंतीवर फुल्या मारा. त्या फुल्यांतून एक आडवी रेघ आणि प्रत्येक फुलीतून एक उभी रेघ काढा, चिकटपट्टी चालते. आता गाडी सरळ रेषेत मागे घेऊन दिव्यांपासून भिंत दहा मीटरवर आणा. जागा नसेल तर पाच मीटर.

झोत किती खाली हवा हे बहुतेक गाड्यांवर लिहिलेलेच असते. हेडलाइटवर किंवा बॉनेट उघडल्यावर जवळच्या पट्टीवर लो बीमच्या चिन्हाशेजारी १.०, १.२ असा टक्क्यांतला आकडा शोधा. एक टक्का म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर, पाच मीटरला पाच. आकडा सापडला नाही तर, दिव्याची उंची ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असताना १.० ते १.५ टक्क्यांच्या मध्ये ठेवा. एक मीटरपेक्षा उंच दिव्यांना १.५ ते २.० टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या आर ४८ नियमात हीच चौकट आहे. मधल्या उंचीला १.० ते १.५ पासून सुरुवात करा.

आडव्या रेघेखाली तेवढ्या अंतरावर दुसरी आडवी रेघ काढा. लो बीम लावा, एक दिवा पुठ्ठ्याने झाका. पुठ्ठा काचेला चिकटवू नका आणि फार वेळ ठेवू नका, कव्हर प्लास्टिकचे असते. भिंतीवर वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये बऱ्यापैकी स्पष्ट कड दिसेल; तिला कटऑफ म्हणतात. कटऑफचा एक भाग आडवा असतो आणि एक भाग रस्त्याच्या आपल्या कडेकडे वर चढत जातो. वाहतूक डावीकडून चालते तिथे चढ डावीकडे, उजवीकडून चालते तिथे उजवीकडे. आडवा भाग खालच्या रेघेवर बसवा. चढ जिथे सुरू होतो तो कोपरा उभ्या रेघेवर, म्हणजे दिव्याच्या बरोबर समोर आणा. दिव्याच्या मागे किंवा वर दोन स्क्रू असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडे; काही गाड्यांत वर-खालीचा एकच. कुठला स्क्रू काय हलवतो हे अर्धा फेरा देऊन बघा आणि किती फेरे दिले ते लिहून ठेवा. जुन्या, स्प्रिंगवर बसणाऱ्या गोल दिव्यांत शेवटचा फेरा कसण्याच्या दिशेने द्या. सैल करता करता थांबलात तर पहिल्या खड्ड्यात सेटिंग हलते.

आकड्यांचा अर्थ असा. दिवा ६५ सेंटिमीटर उंच आणि झोत १.२ टक्के खाली असेल तर कटऑफ साधारण ५४ मीटरवर जमिनीला टेकतो. झोत २.५ टक्के खाली गेला, तर २६ मीटरवरच. ताशी ६० किलोमीटरने, कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंद प्रतिक्रियेला धरून गाडी थांबायला पन्नासेक मीटर लागतात. ‘समोरच्याला त्रास नको’ म्हणून झोत फार खाली पाडणे हीसुद्धा चूकच. आणखी एक गंमत: खाली पाडलेल्या झोताने बॉनेटपुढची जमीन लखलखते, गाडी चालवणाऱ्याला वाटते भरपूर उजेड आहे. डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचे आणखीच दिसेनासे होते. उलट अर्धा टक्का वर गेलेला झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर येऊ लागतो, आणि तुम्हाला आतून ते कळत नाही.

मागच्या सीटवर तीन माणसे आणि डिकीत सामान असेल तेव्हा गाडीचे नाक वर होते. त्यासाठीच डॅशबोर्डवरचे ते चाक आहे. स्क्रूला हात लावायचा नाही.

प्रश्न : स्क्रूला हात लावला नाही, फक्त एच४ बल्ब बदलले. तेव्हापासून समोरून येणारे सगळे अप्पर-डिपर देतात.

उत्तर : बल्ब तिरका किंवा उलटा बसला आहे. एच४च्या तबकडीला तीन जिभा असतात, त्यांतली रुंद जीभ वर येते. लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते; ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही. बल्ब फिरला की वाटीही फिरते आणि उजेड थेट वर जातो. रबरी बूट (दिव्याच्या मागचे रबरी झाकण) काढा, स्प्रिंगची क्लिप सोडवा, तबकडी सगळीकडून टेकली आहे ना ते बोटांनी तपासा, मग क्लिप. क्लिप लागायला जोर करावा लागत असेल तर बल्ब बसलेला नाही.

सगळे बरोबर असूनही कटऑफ पुसट असेल तर दोन दिव्यांतले बल्ब आपसात बदला. पुसटपणा बल्बबरोबर दुसरीकडे गेला तर बल्ब वाईट, जागच्या जागी राहिला तर दिव्याचा रिफ्लेक्टर.

प्रश्न : परदेशातून मागवलेले हेडलाइट बसवले. कितीही सेट केले तरी झोत समोरच्या लेनकडे चढतो.

उत्तर : काचेवरची खूण बघा. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर बाण तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा. बाणच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा. दोन्हीकडे टोके असलेला बाण म्हणजे दोन्हींना चालणारा. अशा काही दिव्यांत आतली खिट्टी फिरवून बाजू बदलता येते. तुमच्या दिव्यावर बाण नसणार असे वाटते. चढ काचेच्या किंवा रिफ्लेक्टरच्या घडणीतच असतो, स्क्रू फिरवून तो बाजू बदलत नाही. दिवे बदला. तोवर झोत अर्धा-एक टक्का खाली ठेवा आणि वेग कमी ठेवा.

त्याच खुणांत ‘एचसीआर’ दिसले तर हॅलोजन, लो आणि हाय दोन्ही. ‘एचसी’ फक्त लो, ‘एचआर’ फक्त हाय.

प्रश्न : जुन्या गाडीला सात इंची सीलबंद दिवे (काच, रिफ्लेक्टर आणि तार एकत्र बंद केलेले) आहेत. त्याच मापाचे एच४ दिवे बसतात म्हणतात. काय बघून घ्यावेत?

उत्तर : सात इंच म्हणजे १७८ मिलिमीटरचा गोल दिवा, पुढून तो बसतो, अडचण मागून येते. एच४ दिव्याला मागे बल्ब, होल्डर आणि रबरी बूट असल्याने खोली जास्त लागते. पत्र्याच्या वाटीत किती जागा आहे ते आधी मोजा. मागे पार्किंग दिव्याचे भोक असेल तर त्यात छोटा बल्ब बसवा किंवा ते बंद करा, उघडे ठेवले तर धूळ-पाणी शिरते.

निवड करताना भारी काच, वजन, चमक यांवर जाऊ नका. मान्यतेची खूण आणि बाण बघा आणि शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी दिवा बॅटरीला जोडून पाच मीटरवरच्या भिंतीवर झोत बघा. लो बीमचा कटऑफ स्पष्ट हवा, वर अंधारात उजेडाचे ठिपके नकोत. स्वस्त दिव्यांत रिफ्लेक्टरची वक्रता इतकी ढोबळ असते की उत्तम बल्ब घालूनही झोत विस्कटलेलाच राहतो. सीलबंद दिव्याच्या काचेवरचे तीन उंचवटे जुन्या पद्धतीच्या सेटिंगसाठी असतात, नव्या दिव्याला भिंतीचीच पद्धत. आणि अशा गाडीची वायरिंग मूळचीच बारीक आणि जुनी, तेव्हा रिलेचा खर्च आधीच धरून चाला.

प्रश्न : हॅलोजनच्या जागी एलईडी किंवा एचआयडी बल्ब सरळ बसवले तर?

उत्तर : रिफ्लेक्टर एका विशिष्ट जागी असलेल्या, विशिष्ट लांबीच्या तापलेल्या तारेसाठी घडवलेला असतो. एचआयडीत तार नसतेच, दोन टोकांमधला विजेचा कमानीसारखा झोत असतो, आणि तो ३२०० लुमेन देतो. एच४च्या लो बीमच्या तिप्पट उजेड चुकीच्या जागेवरून निघाला की तो कुठेही जातो. एलईडीत चिप दोन बाजूंना असतात, चारी बाजूंनी सारखा उजेड पडत नाही. काही देशांत ठरावीक एलईडी बल्बना ठरावीक मॉडेलच्या दिव्यांपुरती परवानगी मिळाली आहे. तुमच्या गाडीचे मॉडेल त्या यादीत असेल तर जरूर घ्या. एरवी नाही.

प्रश्न : हेडलाइटची पुढची बाजू पिवळी आणि धुरकट झाली आहे. टूथपेस्टने पुसली, आठवडाभर बरी दिसली, पुन्हा तशीच.

उत्तर : ती काच नसून पॉलिकार्बोनेट आहे. वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की प्लास्टिक पिवळे पडते. टूथपेस्ट वरवरचे घासते, नवा थर देत नाही.

कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावा. पाण्याचा पॉलिश पेपर ८०० नंबरपासून (डाग खोल नसतील तर १००० पासून), मग १५००, २००० आणि ३०००. पेपर आणि कव्हर सतत ओले ठेवा. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदला, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे उरले असतील तर दिसतात. पहिल्या फेरीत पिवळे पाणी निघते. ते निघायचे थांबेपर्यंत पुढचा नंबर घेऊ नका. शेवटी कंपाउंडने चमक आणा, स्पिरिटने पुसा आणि अतिनील किरणांना रोखणारा दोन घटकांचा क्लिअर कोट द्या. हा कोट टाळला तर काही महिन्यांत सगळे पुन्हा करावे लागते. धुरकटपणा आतल्या बाजूने असेल किंवा रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर दिवा बदलण्यावाचून इलाज नाही. रिफ्लेक्टर कापडाने पुसू नका. अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की पुसताना तोच निघून येतो.

प्रश्न : डाव्या बाजूचाच बल्ब दर तीन-चार महिन्यांनी जातो. उजवा दोन वर्षे टिकला आहे.

उत्तर : गेलेला बल्ब फेकू नका, तो बघा. काच स्वच्छ आणि तार तुटलेली असेल तर हादरे. त्या बाजूचा दिवा ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचा एखादा नट सैल किंवा कान तुटलेला असण्याची शक्यता मोठी. आतून पांढरट दुधी थर असेल तर बल्बमध्ये हवा शिरली आहे. काचेला फुगवटा किंवा अपारदर्शक डाग असेल तर बसवताना बोट लागले. हॅलोजनची काच अडीचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते, तापायलाच हवी, कारण त्याशिवाय उडालेले टंगस्टन पुन्हा तारेवर परतत नाही. त्या तापमानाला बोटाचे तेल आणि मीठ काचेची घडण बिघडवते. चुकून हात लागला तर स्पिरिटने पुसून मग लावा. काच आतून काळी-रुपेरी असेल तर बल्ब वयाने गेला, तक्रार नाही.

होल्डरची पिनही बघा. सैल पिनेवर ठिणगी पडत राहते, पिन निळी-काळी होते, शेजारचे प्लास्टिक वितळते. असा होल्डर साफ करून चालत नाही, बदलावा लागतो. दिव्यात पाणी साचते का तेही पाहा. सकाळचे धुके दिवा लावल्यावर विरत असेल तर ठीक. खाली पाणी जमत असेल तर मागचा रबरी बूट फाटलेला किंवा हवा जाण्याची नळी तुंबलेली.

बॅटरीचे व्होल्टेज मोजून घ्या, पण त्याचा दोष असता तर दोन्ही बाजूंचे बल्ब गेले असते. व्होल्टेज पाच टक्के वाढले की हॅलोजनचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. इंजिनच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर १४.८ च्या पुढे आकडा जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, नाहीतर बल्बपाठोपाठ बॅटरीही जाईल.